गोळी दिली का?

आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ वृद्धाश्रमात राहत होते. त्यांना रोज रात्री रक्तदाबाची गोळी असे. संध्याकाळच्या बाईंना वाटे, रात्रीच्या बाई देतील. रात्रीच्या बाईंना वाटे, आधीच दिली असेल. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी त्यांचे तोंड वाकडे झाले. उजवा हात उचलेना. डॉक्टरांनी विचारले, "गोळी रोज दिली का?" दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. गृहस्थ वाचले; पण तो हात काही पूर्वीसारखा झाला नाही.

हे घरातही घडते. मुलगा म्हणतो, बायकोने दिली असेल. सून म्हणते, ह्यांनी दिली असेल. आणि म्हातारी तशीच झोपते.

वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. म्हणून गोळी चुकली तरी काही बिघडले असे वाटत नाही. पण गोळ्या बंद झाल्या की रक्तदाब पुन्हा चढतो. मग मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते, नाहीतर फुटते. त्यानेच अर्धांगवायू होतो. फेफऱ्याची गोळी चुकली, तर झटका परत येऊ शकतो.

मग काल राहिली म्हणून आज दोन द्याव्या का? नाही! रक्तदाब फार उतरला तर माणूस चक्कर येऊन पडतो, हाड मोडते. साखरेचे औषध जास्त झाले तर शुद्ध हरपते. गोळी चुकली, तर डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना विचारावे.

यावर उपाय साधा आहे. भिंतीवर एक कागद लावा. त्यावर तारीख, सकाळ, दुपार, रात्र असे रकाने आखा. गोळी गिळलेली डोळ्यांनी बघा, मगच बरोबरची खूण करा. आधी करू नका. काही माणसे गोळी गालात धरतात आणि मागून थुंकतात. गोळी घेतली नाही, तर 'नाही' असे लिहा. का घेतली नाही, तेही लिहा. त्यात लाज कसली? आठ गोळ्या उरल्या की नव्या आणा.

आपले माणूस आश्रमात असेल, तर भेटीला गेल्यावर औषधांची नोंद मागा आणि स्वतः वाचा. तुम्हाला आता वाचता येते. कोरा रकाना दिसला, तर तिथेच विचारा: गोळी दिली का?