भोकरवाडीचा कथेकरी

नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर, रामा खरात, शिवा जमदाडे. महाराष्ट्राच्या नकाशावर भोकरवाडी नावाचं हे गाव शोधायला गेलं तर सापडणार नाही. पण तिथल्या या पाच जणांना ओळखणारे वाचक गावोगाव आहेत. हे गाव वसवलं द. मा. मिरासदारांनी.

दत्ताराम मारुती मिरासदार यांचा जन्म 14 एप्रिल 1927 रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजचा. शाळेची वर्षं पंढरपुरात गेली, पुढचं शिक्षण पुण्यात झालं. काही काळ पत्रकारिता करून 1952 मध्ये ते पुण्यात शिक्षक झाले आणि 1961 पासून गरवारे महाविद्यालयात मराठी शिकवू लागले. ‘ड्रॉईंग मास्तरांचा तास’ किंवा ‘व्यंकूची शिकवणी’ यांसारख्या कथांतली शाळकरी पोरं आणि त्यांच्यापुढे हतबल झालेले गुरुजी इतके खरे वाटतात, त्यामागे वर्गातली ही उमेदवारी आहे.

विनोदी लेखक म्हणून मिरासदार लोकांच्या गळ्यातले ताईत झाले. याच लौकिकामुळे त्यांच्यातल्या कसबी कथाकाराकडे मात्र जरा दुर्लक्ष झालं. त्यांचा विनोद कोटीवर किंवा शाब्दिक कसरतीवर फारसा विसंबत नाही. तो प्रसंगाच्या बांधणीतून येतो.

‘भुताचा जन्म’ ही कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. अंधारात घडलेला किरकोळ प्रसंग एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातो आणि बघता बघता त्याचं भूत होतं. सांगणारा प्रत्येक जण पदरचं थोडंसंच घालतो. सुटी पाहिली तर कुणाचीच थाप फार मोठी नाही. बेरीज मात्र अचाट होते. मुद्दाम खोटं बोलणारा खलनायक या कथेला लागतच नाही. ऐकलेलं जरा रंगवून सांगायची हौस पुरेशी आहे, आणि ती तर आपल्या सगळ्यांनाच असते. म्हणूनच वाचक गावाला हसता हसता स्वतःलाही ओळखतो.

भोकरवाडीतही हेच घडतं. किडकिडा, भित्रा चेंगट, आडदांड बाबू आणि चार बुकं शिकल्याचा रुबाब मिरवणारा गणामास्तर ही रिकामटेकडी मंडळी एकत्र जमली की कुणीतरी बातमी आणतो, तिला फाटे फुटतात आणि अखेर सगळेच अडचणीत येतात. मिरासदार या माणसांची चेष्टा भरपूर करतात, पण त्यांना तुच्छ लेखत नाहीत.

बोलून सांगण्याचा बाज कथेतच असल्यामुळे ती व्यासपीठावर सहज रुळली. 1960 नंतरच्या काळात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार या त्रयीने कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव नेले. नेपथ्य नाही, संगीत नाही. समोर ध्वनिक्षेपक आणि ऐकायला जमलेली गर्दी. माणदेशचे माडगूळकर, कोल्हापूरकडचे पाटील आणि पंढरपूरच्या मुशीतले मिरासदार अशा तीन मुलखांच्या तीन तऱ्हा एकाच मंचावर ऐकायला मिळत. पुस्तक विकत घेण्याची ऐपत किंवा सवय नसलेल्या माणसापर्यंतही त्यामुळे मराठी कथा पोहोचली. पुढे तिघेही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले: माडगूळकर 1983 मध्ये अंबाजोगाईला, पाटील 1985 मध्ये नांदेडला आणि मिरासदार 1998 मध्ये परळी वैजनाथला.

सिनेमालाही मिरासदारांच्या लेखणीचा उपयोग झाला. 1982 च्या ‘एक डाव भुताचा’चं लेखन त्यांचं, त्यात हेडमास्तरच्या भूमिकेत ते स्वतः दिसतात.

हसवणाऱ्या कथांच्या गर्दीत ‘विरंगुळा’ मात्र चुकवू नये अशी. संसाराच्या ओझ्याने पिचलेला एक कारकून लोकांच्या अंत्ययात्रांची तयारी करून देण्यात मन रमवतो. घरी त्याला कुणी मोजत नाही. मयताच्या दारात मात्र त्याचा शब्द चालतो. कल्पना विनोदी कथेला शोभेल अशी, तपशीलही त्याच बारकाईने टिपलेले. पण हसू येता येता घशात अडकतं. इथे लेखकाने वेगळं तंत्र वापरलेलं नाही. माणसाची लहानशी लकब धरून ती शेवटापर्यंत न्यायची, एवढंच. ‘भुताचा जन्म’मध्ये त्या वाटेने खो खो हसू येतं, ‘विरंगुळा’त कारकुनाचं सगळं आयुष्य उघडं पडतं.

2 ऑक्टोबर 2021 रोजी, वयाच्या 94 व्या वर्षी, मिरासदार गेले. त्यांच्या आवाजातल्या कथा आजही आवडीने ऐकल्या जातात. नव्या वाचकाने त्या जरूर ऐकाव्यात आणि मग ‘विरंगुळा’ पुस्तकातून, सावकाश वाचावी.