बाळसें आणि चरबी

आमच्या घरांतून मुलांचें कौतुक अद्यापिही त्यांच्या गालांवरूनच होतें. मुंजीला चार नातलग जमले कीं, गुबगुबीत बटूला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून शाबासकी, आणि सडपातळ मुलाच्या आईला मात्र ‘याला कांहीं खाऊं घालतेस कीं नाहीं?’ हा प्रश्न. ज्या काळीं सांथींनीं मुलें पाहतां पाहतां दगावत, त्या काळीं बाळसें हीच पुंजी वाटे. तेव्हां आजीबाईंना आम्ही दोष देत नाहीं. परंतु बाळसें आणि चरबी यांची आम्ही गल्लत करीत आहों, हें म्हणणें भाग आहे.

२००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं स्वतःचींच मापें प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाही २२.३, परंतु युडकिन यांच्या अंगांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या अंगांत २१.२! ही प्रवृत्ति आमच्यांत जन्मापासूनचीच. पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालकें इंग्रज बालकांहून बरींच हलकीं व स्नायूंनीं रोड आढळलीं. चरबी मात्र त्या मानानें फारशी कमी नव्हती.

याहून विचार करण्याजोगी हकीकत दिल्लीची. तेथें सुमारें दीड हजार मुलांचीं वजनें जन्मापासून टिपून ठेविलीं होतीं. तीं २६ ते ३२ वर्षांचीं झाल्यावर त्यांच्या रक्तांतील साखर तपासली. ज्यांना मधुमेह झालेला वा होऊं घातलेला होता, तीं दुसऱ्या वर्षापर्यंत बहुधा किरकोळ अंगाचीं होतीं, आणि पुढें झपाट्यानें भरत गेलीं. तरी बाराव्या वर्षीं त्यांतील एकही लठ्ठांत मोडत नव्हतें! घरच्यांच्या दृष्टीनें तीं ‘सुधारलेलीं’ मुलें.

मग जें उघड लठ्ठ आहे, त्याचें काय? यकृतांत चरबी सांठणें, रक्तदाब वाढणें, झोपेंत घोरतां घोरतां श्वास अडखळणें, हीं प्रौढांचीं मानलेलीं दुखणीं आतां शाळकरी वयांत दिसतात. कित्येकांच्या मानेवर काळा, मखमलीसारखा पट्टा उठतो. आजी तो मळ समजून डाळीच्या पिठानें घासतात. तो मळ नव्हे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासें झाल्याची ती बहुधा खूण असते. असें मूल डॉक्टरांस दाखविलेंच पाहिजे.

एकत्र कुटुंबांत अडचण निराळीच. आईनें हात आखडला तरी काकूंचा लाडू आणि आजोबांच्या खिशांतील बिस्किटें चालूच. वाढणारे हात अनेक, हिशेब कोणाजवळच नाहीं. तेव्हां वडील माणसांनीं एकदां एकत्र बसून हें ठरवावें. मुलाला उपाशी ठेवूं नये, कीं त्याचें एकट्याचें पान निराळें मांडून त्याला हिणवूं नये. रोजचा लाडू बंद करावयाचा तर तो सर्वांच्याच पानांतला करावा, आणि संध्याकाळीं त्याच्याबरोबर अंगणांत कोणीतरी धावावें, मग ते काका कां असेनात.