रोज सकाळची डिस्क तपासणी

संगणक सुरू करावा, चहा टाकून यावं आणि पाहावं तर पडद्यावर डिस्कची तपासणीच चाललेली. एखाद्या दिवशी ठीक आहे, पण रोज? मी हे दोनदा अनुभवलं. एकदा शिरूरला माझ्या घरी आणि एकदा दौंडला बहिणीकडे. लक्षण एकच, कारणं मात्र निराळी.

आधी शिरूरचं सांगतो. साल २००७. गावोगावी तेव्हा तासन्‌तास भारनियमन असे. माझ्या संगणकावर विंडोज एक्सपी होतं. निळ्या पडद्यावर दहापासून उलटे आकडे सुरू व्हायचे. तेवढ्यात एखादी कळ दाबली की तपासणी टळायची. मी महिनाभर कळच दाबत होतो!

माझी डिस्क ‘फॅट-३२’ या जुन्या मांडणीची होती. तिचं वागणं किराणा दुकानातल्या वहीसारखं. नोंदी करायला घेतल्या की ‘वही उघडी आहे’ अशी खूण होते आणि संगणक रीतसर बंद केला की ती पुसली जाते. मध्येच वीज गेली की खूण तशीच राहते. पुढच्या वेळी विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच ती दिसते आणि सगळा हिशेब ताडून पाहणं सुरू होतं. कळ दाबून तपासणी टाळली की खूण शिल्लक, म्हणून उद्या पुन्हा तेच.

पण घरी इन्व्हर्टर होता, मग संगणक बंद का पडायचा? इन्व्हर्टरवरचं एक बटण साध्या मोडवर होतं. त्यावर पंखे-दिवे चालतात, पण बॅटरीवर जाताना क्षणभर खंड पडतो आणि संगणकाला तेवढाही सोसत नाही. बटण यूपीएस मोडवर केलं, तपासणी एकदा पूर्ण होऊ दिली, काम झालं.

याच अनुभवाच्या जोरावर २०१९ साली मी दौंडच्या बाबतीत फसलो. ताईकडे विंडोज १० होतं. मी फोनवरच निदान केलं, ‘‘दाजी, वीज जात असेल, यूपीएस घ्या.’’ त्यांनी घेतला. तपासणी काही थांबेना. शेवटी न्हावरा, चौफुला करत दौंड गाठलं.

माझी चूक अशी की, त्यांची डिस्क ‘एनटीएफएस’ मांडणीची होती. ही मांडणी प्रत्येक बदलाची आधी टिपणं ठेवते, त्यामुळे वीज गेली तरी बहुधा स्वतःच सावरते. तिथे रोज तपासणी होते याचा अर्थ रोज नवी चूक सापडते आहे. कमांड प्रॉम्प्ट ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडला. सी-एच-के-एन-टी-एफ-एस ही अक्षरं, मग जागा सोडून सी आणि कोलन. उत्तर आलं, ‘डर्टी’. तपासणी पूर्ण करून पुन्हा विचारलं, तरी ‘डर्टी’च. केबल बदलून पाहिली, फरक नाही. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने डिस्कची प्रकृती पाहिली. न वाचता येणाऱ्या सेक्टरांचा आकडा होता आणि तो वाढत होता. डिस्क शेवटच्या घटका मोजत होती.

एका दुरुस्तीवाल्याने त्यांना रोजची तपासणी बंद करून देतो म्हणून सांगितलं होतं. तसं करता येतं, पण ते ताप उतरवण्याऐवजी थर्मामीटर लपवण्यासारखं झालं असतं. दुसरा मोह असतो तो संपूर्ण पृष्ठभाग तपासून दुरुस्त करण्याचा. ती तपासणी कित्येक तास डिस्कला राबवते, आणि आजारी डिस्क त्यातच जायची. आधी फायली दुसरीकडे उतरवाव्यात, मग काय ते प्रयोग.

त्या संगणकात आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. मीच कधीकाळी टेपवरून उतरवलेल्या. टेप केव्हाच खराब झालेली आणि दुसरी प्रत कुठेच नाही. बाहेरची डिस्क जोडली आणि फोटोंच्याही आधी त्याच उतरवायला घेतल्या. सत्तावीस फायलींपैकी पंचवीस आल्या. दोन काही केल्या वाचल्या गेल्या नाहीत. त्यातली एक ओवी ताईला पाठ होती. ती तिने म्हटली आणि मी मोबाइलवर घेतली.