खात्री करणं हे बाईंचं काम नव्हे

लालबाग-परळच्या चाळींतल्या प्राथमिक शाळेत बाईंना मुलांची घरं माहीत असतात. कित्येकींच्या आया त्यांच्याच विद्यार्थिनी. म्हणून पहिलीतली मुलगी शेजारच्या काकांबद्दल अडखळत काही सांगू लागली, की बाईंच्या मनात येतं, ‘त्यांना मी ओळखते, आधी खात्री करून घेऊ.’ कायद्याला ही खात्री बाईंकडून नकोच आहे.

पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला, तर वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्‌हेतूने कळवणाऱ्याला मात्र पूर्ण संरक्षण आहे, आणि शाळाशाळांतून हे कुणी सांगतच नाही.

‘मी मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं होतं’ एवढ्याने जबाबदारी संपत नाही. संस्थेच्या नावाची काळजी तिथेच सुरू होते. बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये बालवर्गातल्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाला. २० ऑगस्टला संतप्त लोक रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि २२ ऑगस्टच्या सुनावणीत, न कळवल्याबद्दल शाळेवर गुन्हा नोंदवला का, असं विचारलं. शाळा चालवणाऱ्यांवरही न कळवल्याचा गुन्हा नोंदला गेला. त्याआधी, २ नोव्हेंबर २०२२ रोजी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलींच्या वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा ठरवला होता. तिथे खटला होता मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर.

मग बाईंनी करायचं काय? मूल सांगेल तेवढं शांतपणे ऐकायचं, त्याच्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवायचं. पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचं नाही, संशयिताला बोलावून जाब विचारायचा नाही, स्टाफरूममध्ये नाव घ्यायचं नाही. मुलाची ओळख माध्यमांतून उघड करणं तर गुन्हाच आहे. पुढचा जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, साध्या वेशातल्या पोलिसांनी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. बालकल्याण समितीला पोलीस २४ तासांत कळवतात. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा हेल्पलाइन क्रमांकही आहे. १९९६ मध्ये तो मुंबईतूनच सुरू झाला.

संशय घरातल्याच माणसावर असेल, तर पालकांना शाळेत बोलावण्याआधी पोलिसांना फोन करावा. पालकांना आधी बोलावलं, तर तेवढ्या वेळात घरी त्या मुलीला गप्प करता येतं.