पायाच्या अंगठ्यात रुतलेले नख : उपचार आणि त्यानंतरची काळजी

काही दुखणी अशी असतात, की ती कोणाला सांगण्याचाही माणसाला संकोच वाटतो. पायाच्या अंगठ्याचे नख बाजूच्या मांसात रुतणे हे अशांपैकीच एक. ताप आला, पोट दुखले, तर वसतिगृहातील विद्यार्थी गृहपालांकडे जातो. अंगठा ठणकतो म्हणून मात्र सहसा जात नाही. एवढ्याशा दुखण्याचे काय सांगायचे, मित्र हसतील, खेळातून बाहेर बसवतील, अशा विचारांनी तो गप्प राहतो. लंगडत प्रार्थनेला येतो, बुटात पाय कोंबून कवायतीला उभा राहतो आणि रात्री दिवे मालवल्यावर कोणाकडून तरी मिळवलेल्या ब्लेडने नखाचा कोपरा कापतो. दोन दिवस बरे वाटते. पंधरा दिवसांनी बोट दुप्पट सुजते.

या साध्या दुखण्याचे अवघड दुखणे होते, ते बहुतेक वेळा या चोरून केलेल्या कापाकापीमुळे. वेळीच दाखवले तर त्यावर सोपा, स्वस्त आणि खात्रीचा उपचार उपलब्ध आहे. हा उपचार कसा होतो आणि त्यानंतर कोणती काळजी घ्यावी, हे पालकांना व माजी विद्यार्थ्यांना समजावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नख का रुतते?

नखाचा जो कठीण भाग आपल्याला दिसतो तो निर्जीव असतो. तो तयार होतो त्वचेखाली दडलेल्या नखाच्या मुळाशी आणि तेथून हळूहळू पुढे सरकतो. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. पायाचे त्याच्या निम्म्यानेच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास. म्हणून अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला १२ ते १८ महिने लागतात. ही संथ गती ध्यानात ठेवली, तर या दुखण्यात धीर का धरावा लागतो, हे आपोआप उमगते.

नखाच्या दोन्ही बाजूंना मांसाची कड असते. नखाची धार त्या कडेत घुसली, की शरीर तिला काट्यासारखी परकी वस्तू समजते. तेथे सूज येते. सुजलेले मांस नखावर आणखी दाबले जाते आणि धार आणखी आत जाते. असे हे चक्र सुरू होते.

त्याला निमित्त होणाऱ्या गोष्टी नेहमीच्याच आहेत. नखाचे कोपरे गोलाकार, खोलवर कापणे हे पहिले कारण. कोपरा कापताना आत एखादी अणकुचीदार काडी राहून जाते आणि नख वाढू लागले की तीच मांसात शिरते. दुसरे कारण म्हणजे पुढे निमुळते किंवा आखूड झालेले बूट. वाढत्या वयात मुलाचा पाय एका शैक्षणिक वर्षातही मोठा होतो, बूट मात्र जूनमध्ये घेतलेलेच असतात. पायाला सतत येणारा घाम, ओले मोजे, खेळताना लागलेली ठेच आणि जन्मतःच बाकदार असलेले नख ही आणखी काही कारणे. पौगंडावस्थेत पायांना घाम जास्त येतो आणि धावपळही जास्त असते. म्हणून हे दुखणे शाळकरी व महाविद्यालयीन वयात अधिक आढळते.

नखुरडे वेगळे, रुतलेले नख वेगळे

आपल्याकडे नखाच्या कडेच्या कोणत्याही दुखण्याला सरसकट नखुरडे म्हटले जाते. नखुरडे म्हणजे नखाभोवतीच्या त्वचेत जंतुसंसर्ग होऊन पू धरणे. ते हाताच्या बोटालाही होते आणि पू निघाला की बहुधा बरे होते. रुतलेल्या नखातही पू होतो. पण तेथे दुखण्याचे मूळ ही नखाची आत गेलेली धार असते. ती जागची हलत नाही तोवर औषधाने तात्पुरता उतार पडतो आणि दुखणे पुन्हा उलटते. बोटाला लिंबू बसवणे, हळद-तेलाचे पोटीस बांधणे, चुना किंवा बिब्बा लावणे या उपायांनी ती धार बाहेर येत नाही. बिब्ब्याने तर कातडी भाजते आणि मूळ जखमेशेजारी दुसरी जखम होते.

दुखण्याच्या तीन अवस्था

पहिल्या अवस्थेत नखाची कड लाल होते, थोडी सुजते आणि दाबल्यास दुखते. दुसऱ्या अवस्थेत सूज वाढते, ओल येते, पू दिसतो आणि बूट घालणे नकोसे होते. तिसऱ्या अवस्थेत कडेला लालभडक, मऊ मांस वाढून नखावर चढते. त्याला नुसता धक्का लागला तरी रक्त येते. उपचार कोणता करायचा, हे या अवस्थेवरून ठरते.

पहिल्या अवस्थेतील उपचार

या अवस्थेत शस्त्रक्रियेची गरज बहुधा नसते. दिवसातून दोन-तीन वेळा सोसवेल इतक्या कोमट पाण्यात पाय १०-१५ मिनिटे बुडवावा आणि नंतर बोटांच्या फटींसह नीट कोरडा करावा. सुजलेली कड बोटाने हळुवारपणे नखापासून दूर ओढावी. नखाच्या कोपऱ्याखाली स्वच्छ कापसाची बारीक वात सरकवून धार किंचित उचलून धरता येते. ती कशी ठेवायची, हे पहिल्या वेळी डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून शिकून घ्यावे आणि वात रोज बदलावी. चिकटपट्टीने मांसाची कड बाजूला ओढून धरण्याचीही पद्धत आहे. या काळात पुढून उघडी चप्पल वापरावी आणि नख कापू नये. ते मांसाच्या पुढे वाढू द्यावे. चार-पाच दिवसांत उतार पडला नाही, किंवा पू दिसू लागला, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

शस्त्रक्रिया कशी होते?

‘नख काढणार’ हे शब्द ऐकताच मुलांच्या आणि त्याहून अधिक पालकांच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात ही अर्ध्या तासाच्या आत आटोपणारी, रुग्णालयात मुक्काम न करता होणारी छोटी शस्त्रक्रिया आहे. बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात. हे औषध १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झाले आणि आज दातांच्या दवाखान्यापर्यंत सर्वत्र वापरले जाते. या इंजेक्शनची कळ क्षणभर जाणवते आणि साऱ्या प्रक्रियेत खरे दुखते ते तेवढेच. हे मुलाला आधी मोकळेपणाने सांगावे. ‘काहीच दुखणार नाही’ असे खोटे सांगितले, तर पुढच्या वेळी ते आपल्यावर विश्वास ठेवत नाही.

बोट बधिर झाल्यावर त्याच्या मुळाशी रबरी पट्टा आवळून रक्तप्रवाह काही वेळ थांबवतात. मग रुतलेल्या बाजूच्या नखाची ३ ते ५ मिलिमीटर रुंदीची उभी पट्टी मुळापर्यंत कापून बाहेर काढतात. उरलेले नख जागेवरच राहते. पूर्वी अनेक ठिकाणी संपूर्ण नख उपटून काढत असत. पण मूळ शाबूत राहिल्याने नवे नख पुन्हा तसेच रुतण्याचे प्रमाण त्यात फार मोठे असते.

पट्टी काढल्यावर तेथील मुळावर काही मिनिटे तीव्र फिनॉल लावतात. त्यामुळे तेवढ्या भागातील नख तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात आणि त्या कडेला नख पुन्हा उगवत नाही. फिनॉल म्हणजेच कार्बोलिक आम्ल. ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये जखमांतील जंतुसंसर्ग रोखण्यासाठी ज्याचा वापर सुरू केला, तेच हे द्रव्य. रुतलेल्या नखासाठी त्याचा वापर १९४५ पासून नोंदला गेला आहे. घरात फरशी पुसण्यासाठी आणतो ते फिनाईल म्हणजे हे औषध नव्हे. ते किंवा दुसरे कोणतेही दाहक द्रव्य बोटाला कदापि लावू नये.

टाके बहुधा लागत नाहीत. धार निघाल्यामुळे पूही लवकर ओसरतो. म्हणून प्रतिजैविकाच्या गोळ्या प्रत्येकाला द्याव्या लागत नाहीत. मुलाचे धनुर्वाताचे लसीकरण पूर्ण आहे की नाही, हे मात्र पाहून घ्यावे. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार १० व्या आणि १६ व्या वर्षी ही लस दिली जाते.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

बधिरपणा तासा-दोन तासांनी उतरतो आणि बोट ठणकू लागते. डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉलची गोळी त्या आधीच घेतलेली बरी. पहिला दिवस पाय उशीवर उंच ठेवून आराम करावा. एस.टी.च्या बाकावर पाय खाली लोंबकळत ठेवून लांबचा प्रवास त्याच दिवशी करू नये. पट्टीवर थोडे रक्त दिसल्यास घाबरू नये. ते सतत वाहत असेल, तर पाय उंच धरून बोट दाबावे आणि डॉक्टरांना कळवावे.

पहिली पट्टी डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुधा एक-दोन दिवसांनी बदलतात. ती जखमेला चिकटलेली असेल, तर ओढू नये. कोमट पाण्यात भिजवून सोडवावी. त्यानंतर रोज एकदा साबणाने हात धुऊन बोट स्वच्छ पाण्याने धुवावे, कोरडे करावे आणि सांगितलेले मलम लावून नवी पट्टी बांधावी. पट्टी सैल असावी. बोटाचे टोक थंड किंवा निळसर झाले, तर ती लगेच सोडावी.

फिनॉल लावलेल्या जखमेतून दोन ते चार आठवडे पिवळसर पातळ पाणी झिरपते. हा पू समजून अनेक पालक धास्तावतात. तो जखम भरण्याचाच एक भाग आहे. वेदना कमी होण्याऐवजी दिवसेंदिवस वाढणे, दाट व दुर्गंधीयुक्त पू येणे, लाली पावलाकडे सरकणे किंवा ताप येणे ही मात्र जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

एक-दोन दिवसांत मूल वर्गात बसू शकते. धावणे, कबड्डी, फुटबॉल आणि बंद बूट यांना साधारण दोन आठवडे किंवा डॉक्टर सांगतील तोवर विश्रांती द्यावी. तेवढे दिवस चप्पल घालण्याची परवानगी शाळेकडून मागून घ्यावी. चिखल, नदी आणि विहिरीतील पोहणे टाळावे. बरे झाल्यावर नख पूर्वीपेक्षा थोडे अरुंद दिसते. त्याने चालण्यात काही उणे येत नाही.

ज्यांनी घरी हात लावू नये

मुलांपेक्षाही काळजी घ्यावी, ती त्यांच्या आई-वडिलांनी आणि आजी-आजोबांनी. अनेक वर्षांच्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते आणि रक्तपुरवठाही घटतो. नख रुतले तरी दुखत नाही, म्हणून ते दिसत नाही. जखम चिघळते आणि कधी कधी बोट, तर कधी पाऊल गमवावे लागते. कुष्ठरोगामुळे पाय बधिर झालेल्यांचे आणि पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांचेही असेच. अशांनी नखाचा कोपरा घरी कापू नये, गरम पाण्याचा शेक घेऊ नये. थेट डॉक्टरांना पाय दाखवावा. नखाच्या कडेची जखम उपचार करूनही महिनोन्‌महिने बरी होत नसेल, तर तिची तपासणी कोणत्याही वयात करून घेणे आवश्यक आहे.

नख कसे कापावे?

विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंच्या नखांविषयी नियम आहेत. नखे लांब वाढवू नयेत, असा त्यातील एक. रक्त येईपर्यंत नखे कापल्याने बोटे दुखू लागली, तेव्हा मांसाच्या मापाने नखे कापण्याची अनुज्ञा देण्यात आली, असेही तेथे सांगितले आहे. आजचा डॉक्टर याहून वेगळे सांगत नाही. नख आंघोळीनंतर, मऊ असताना, सरळ रेषेत आणि बोटाच्या टोकाइतके ठेवून कापावे. कोपरे खोलवर गोल करू नयेत. नेलकटर स्वतःचे असावे. मोजे रोज धुतलेले आणि वाळलेले असावेत. बूट घेताना पुढे अंगठा मोकळा हलेल एवढी जागा आहे का, हे मूल उभे असताना पाहावे.

वसतिगृहात आठवड्यातून एकदा नखे तपासण्याची पद्धत असतेच. त्या वेळी हातांबरोबर पायही पाहिले जावेत, आणि ते स्वच्छतेचे गुण देण्यासाठी नव्हे, तर ‘दुखते का?’ असे विचारण्यासाठी. सुट्टीत घरी आलेल्या मुलाला पालकांनीही हाच प्रश्न विचारावा. घराबाहेर राहणारे मूल विचारल्यावाचून सांगत नाही. विचारले, की बहुधा लगेच मोजा काढते.