गाडी एकाची, चार्जर दुसऱ्याचा

एके काळी एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये चालेलच, अशी खात्री नसे. २००४ साली ‘नॅशनल फायनान्शियल स्विच’ ही सामायिक यंत्रणा सुरू झाली आणि यंत्र कोणत्या बँकेचे, हा प्रश्न हळूहळू गौण ठरला. विजेवर चालणाऱ्या वाहनांना आज हीच वाट चालावयाची आहे.

बंगळुरूचा अनुभव

या क्षेत्रात बंगळुरू शहर अग्रभागी आहे. ‘रेवा’ ही विजेवरील छोटी मोटार २००१ साली येथूनच बाजारात आली. २०१७ साली विद्युत वाहनांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर करणारे कर्नाटक हे देशातील पहिले राज्य ठरले. तथापि, दुचाकी उत्पादकांचे प्लग निरनिराळे राहिले. येथील एथर एनर्जी कंपनीने २०२१ साली आपल्या प्लगचा आराखडा इतर उत्पादकांना खुला केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने हलक्या वाहनांसाठी एसी व डीसी या दोन्ही प्रकारच्या चार्जिंगला उपयुक्त अशा एकत्रित जोडणीचे मानक जाहीर केले. त्याच वर्षाच्या अखेरीस एथर व हीरो मोटोकॉर्प यांनी आपली चार्जिंग केंद्रे परस्परांच्या ग्राहकांना खुली करण्याची घोषणा केली.

प्लग जुळला, पुढे काय?

प्लग जुळणे ही केवळ पहिली पायरी होय. मोटारींच्या डीसी जलद चार्जिंगचे उदाहरण घेऊ. बॅटरीला किती व्होल्ट व किती अँपिअर चालतील, हे वाहन कळवते. चार्जर आपली क्षमता सांगतो. मग प्लग कुलूपबंद होतो, वीज कोठे गळत नाही ना हे तपासले जाते, दोन्हीकडील व्होल्टेज जुळवले जाते आणि त्यानंतरच मुख्य प्रवाह सुरू होतो. एखादे उत्तर ठरलेल्या वेळेत न आल्यास चार्जिंग थांबते.

मानक एकच असूनही त्यातील एखाद्या कलमाचा अर्थ दोन उत्पादक भिन्न लावू शकतात. दोघेही आपापल्या चाचणीत उत्तीर्ण होतात, पण एकत्र येताच अडखळतात. म्हणून चार्जरची प्रयोगशाळेतील तपासणी आवश्यक असली, तरी पुरेशी नाही. प्रत्यक्ष वाहन प्रत्यक्ष चार्जरला जोडून, मध्येच वीज खंडित करून, सॉफ्टवेअर बदलल्यावर पुन्हा जोडून पाहावे लागते. ‘चारिन’ ही आंतरराष्ट्रीय संस्था याच हेतूने विविध उत्पादकांना एकत्र बोलावून चाचणी-मेळावे भरवते.

चार्जर व केंद्रीय संगणक यांतील संवादही तपासावा लागतो. त्यासाठी नेदरलँड्समध्ये उगम पावलेला ‘ओपन चार्ज पॉइंट प्रोटोकॉल’ जगभर वापरला जातो. हा दुवा तुटला, तर खात्यातून रक्कम वजा होऊनही चार्जिंग सुरू न होण्याचा प्रसंग ओढवू शकतो.

ग्राहकांनी काय पाहावे?

वाहनकर्जाची परतफेड अनेक वर्षे चालते; वाहनही तितकी वर्षे उपयोगी पडावे. त्यामुळे खरेदीपूर्वी किंमत व व्याजदराबरोबर पुढील बाबींची चौकशी करणे अगत्याचे आहे :

• वाहनाची जोडणी कोणत्या मानकानुसार आहे?
• आपल्या नेहमीच्या मार्गावरील इतर कंपन्यांच्या चार्जरवर ते वाहन प्रत्यक्ष चालवून पाहिले आहे काय?
• चार्जिंग न झाल्यास रक्कम परत मिळण्याची पद्धत कोणती?

शक्य असल्यास चाचणी-फेरीच्या वेळी एकदा परक्या चार्जरवर वाहन लावून पाहावे. त्या दहा मिनिटांत पुढील अनेक वर्षांची चिंता मिटू शकेल.