‘पाहिजे’चं इंग्रजी करण्याआधी

‘मला चहा पाहिजे’ आणि ‘मला जायला पाहिजे’. दोन्हीकडे शब्द एकच. पण पहिल्या वाक्याचं इंग्रजी ‘वॉन्ट’ने होतं, दुसऱ्याचं होत नाही. शाळेत आपण ‘वॉन्ट म्हणजे पाहिजे’ असं वहीत उतरवून घेतलेलं असतं आणि पुढच्या कितीतरी चुका त्या एका ओळीतून निघतात. म्हणून सुरुवात इंग्रजीपासून नको, आपल्या ‘पाहिजे’पासूनच करू.

पहिली पायरी: हे ‘पाहिजे’ कोणतं? चहा पाहिजे, यात इच्छा आहे. जायला पाहिजे, यात निकड आहे. जायचं मनात नसेलही. निकडीला इंग्रजीत ‘आय मस्ट गो’ किंवा ‘आय हॅव टू गो’ म्हणतात. ‘आय वॉन्ट टू गो’ म्हणजे ‘मला जायचंय’. एखाद्याच्या घरून निघताना असं म्हटलं, तर आपण कंटाळलो की काय, असं यजमानांना वाटेल. एक सोपी खूण आहे. ‘पाहिजे’च्या जागी ‘भाग आहे’ घालून पाहा. ‘मला जाणं भाग आहे’ हे जुळतं, म्हणजे ‘वॉन्ट’ नको. ‘मला चहा भाग आहे’ असं कुणी म्हणत नाही, म्हणजे ‘वॉन्ट’ चालेल.

दुसरी पायरी: वाक्याचा मालक बदला. मराठीत आंबा हवा, कैरी हवी, लोणचं हवं. क्रियापद वस्तूच्या लिंगाप्रमाणे वळतं आणि इच्छा करणारा माणूस ‘मला’ होऊन बाजूला बसतो. इंग्रजीत माणूसच कर्ता, म्हणजे क्रियापद ज्याच्याप्रमाणे चालतं तो. म्हणून ‘आय वॉन्ट अ मँगो’. वस्तू कोणतीही असो, ‘वॉन्ट’ला फरक पडत नाही.

फरक पडतो तो माणसामुळे. ‘ही’ किंवा ‘शी’ आले की ‘वॉन्ट्स’ होतं. शेवटचा ‘स’ आपल्याकडून हमखास गळतो. प्रश्न विचारताना उलट चूक होते. ‘डझ शी वॉन्ट टी?’ हे बरोबर, कारण तो ‘स’ आता ‘डझ’मध्ये गेला आहे. तो पुन्हा ‘वॉन्ट’ला लावायचा नाही.

तिसरी पायरी: वस्तू हवी आहे की काही करायचं आहे? वस्तू असेल तर ती ‘वॉन्ट’च्या पाठोपाठ येते. काही करायचं असेल तर मध्ये ‘टू’ लागतो आणि त्यापुढे क्रियापदाचं मूळ रूप. ‘मला जायचं होतं’ म्हणजे ‘आय वॉन्टेड टू गो’. भूतकाळ एकदाच दाखवायचा, तोही ‘वॉन्टेड’मध्ये. ‘वॉन्टेड टू वेन्ट’ म्हटलं की तो दोनदा येतो.

चौथी पायरी सर्वांत निसरडी: दुसऱ्याने काही करावं, असं आपल्याला वाटतं तेव्हा. ‘आईला वाटतं, मी डॉक्टर व्हावं.’ मराठीत ही दोन छोटी वाक्यं आहेत, म्हणून आपण इंग्रजीतही ‘वॉन्ट्स दॅट आय’ अशी जोडणी करू पाहतो. ‘वॉन्ट’ला ती चालत नाही. ‘माय मदर वॉन्ट्स मी टू बिकम अ डॉक्टर’ असं एकाच दमात म्हणायचं. यातला ‘मी’ इंग्रजी आहे बरं का, अर्थाने आपल्या ‘मला’चा भाऊ.

इथे एक छोटा शब्द सुटला तरी अर्थ फिरतो. ‘आय वॉन्ट टू हेल्प’ म्हणजे मला मदत करायची आहे. ‘आय वॉन्ट यू टू हेल्प’ म्हणजे तुम्ही मदत करावी. कार्यालयात ही गफलत झाली तर काम भलत्याच्याच गळ्यात पडतं.

पाचवी पायरी: नकार. मराठीत ‘नको’ म्हटलं की झालं. इंग्रजीत ‘आय डोन्ट वॉन्ट इट’ असं पूर्ण म्हणावं लागतं. पण खरी अडचण उच्चाराची आहे. ‘वॉन्ट’मधला ‘ऑ’ कॉफीतला, तर ‘वोन्ट’मधला ‘ओ’ ओठांतला. ‘वोन्ट’ म्हणजे ‘करणार नाही’. ‘आय वॉन्ट टू पे’ म्हणजे पैसे द्यायचे आहेत. ‘आय वोन्ट पे’ म्हणजे देणार नाही. ऐकताना गोंधळ झाला तर पुढे ‘टू’ आहे का ते पाहा. ‘वोन्ट’नंतर ‘टू’ कधीच येत नाही.

सहावी पायरी: ‘आय अ‍ॅम वॉन्टिंग’ टाळा. ‘हवं आहे’मधला ‘आहे’ आपल्याला ‘अ‍ॅम’कडे ओढतो. पण हवं असणं ही इंग्रजीच्या हिशेबात मनाची स्थिती आहे, चालू असलेली कृती नाही. म्हणून साधं ‘आय वॉन्ट’ पुरतं. बरेच दिवस मनात घोळत असलेल्या गोष्टीसाठी मात्र ‘आय हॅव बीन वॉन्टिंग टू कॉल यू’ असं म्हणतात.

सातवी पायरी: सभ्यता. ‘एक कॉफी द्या’ या मराठी वाक्यात आदर ‘द्या’मध्ये बसला आहे. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण या सगळ्यांना एकच ‘यू’, त्यामुळे आदराला दुसरीकडे जागा शोधावी लागते. नुसतं ‘आय वॉन्ट कॉफी’ हट्टी मुलासारखं ऐकू येतं. ‘कुड आय हॅव अ कॉफी, प्लीज?’ किंवा ‘आय वुड लाइक अ कॉफी’ म्हणा. पाहुण्याला विचारतानाही ‘व्हॉट डू यू वॉन्ट?’ म्हणजे ‘काय पाहिजे तुला?’ असा दरडावणीचा सूर लागू शकतो. आपला वाणी ‘काय देऊ?’ विचारतो, तसं तिथे ‘व्हॉट वुड यू लाइक?’ विचारायचं.

आता शेवटचं, वाचताना उपयोगी पडेल असं. ‘वॉन्ट’चा मूळ अर्थ इच्छा नव्हताच. इंग्लंडमध्ये येऊन स्थायिक झालेल्या व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘वान्टा’ म्हणजे उणीव असणं. सुमारे 1200पासून तो शब्द इंग्रजीत दिसतो. जे उणं आहे ते हवंसं वाटतं, हा अर्थ पुढे कित्येक शतकांनी रुळला. जुना अर्थ अजून जिवंत आहे. ब्रिटनमध्ये 1942च्या बेव्हरिज अहवालाने समाजाचे पाच राक्षस सांगितले, त्यात एक ‘वॉन्ट’ होता. तिथे त्याचा अर्थ हाव नव्हे, विपन्नता. ‘फाउंड वॉन्टिंग’ म्हणजेही कसोटीत उणा ठरलेला.

आपलं ‘पाहिजे’ही असंच दुरून आलं आहे. ते ‘पाहणे’चं जुनं कर्मणी रूप: जे पाहिलं जावं, शोधलं जावं ते. वर्तमानपत्रातल्या ‘पाहिजेत’च्या जाहिराती आणि पोलिसांच्या कागदांतला ‘पाहिजे आरोपी’ यांत तो शोध अजून दिसतो. त्या दोन्ही जागी इंग्रजीत ‘वॉन्टेड’च लिहितात.

आज संध्याकाळपर्यंत घरात ऐकू येणारी पाच ‘पाहिजे’ टिपून ठेवा. दळण आणायला पाहिजे, मीठ पाहिजे, तू लवकर उठायला पाहिजेस. प्रत्येकापुढे ‘भाग आहे’ची खूण लावून पाहा. त्यातलं मीठ तेवढं ‘वॉन्ट’च्या वाट्याला येतं.